यंदा ठाण्यात खरंच कडाक्याची थंडी पडणार का?

उपवनकाठ · १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१०

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांत तीनदा एकच मेसेज आला. 'यंदा कित्येक दशकांतली सगळ्यात कडक थंडी, मुंबई-ठाणे गारठणार, आत्ताच तयारीला लागा.' एरवी असले मेसेज मी वाचून सोडून देते, पण यावेळी मला त्यावर काही ठरवायचंय म्हणून इथे विचारते.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, दमा आहे. वर्तकनगरला राहतो. ते रोज पहाटे साडेपाचला उपवन तलावावर फेरीला जातात आणि त्यात खंड पडलेला त्यांना चालत नाही. गेल्या डिसेंबरात त्यांना एक आठवडा इतका त्रास झाला की दोनदा रात्री नेब्युलायझरसाठी दवाखान्यात धावावं लागलं. त्यात आत्याचं घर निफाडजवळ, तिच्या नातवाची मुंज जानेवारीअखेर, आणि बाबांनी पंधरा दिवस तिथे राहायचं आत्ताच कबूल करून टाकलंय.

मला दोन गोष्टी कळायला हव्यात. ऑक्टोबरमध्ये बसून जानेवारीची थंडी सांगता येते का? आणि ठाण्यासाठी ती बातमी कितपत लागू पडते? हीटर घ्यायचा की नाही, हा प्रश्नही त्यातच आला.

ऐरोली_सेक्टर_सात · १२ ऑक्टोबर, रात्री ९:४८

मेसेज उगाच फिरत नाहीये. ला निना आलीय. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने तीन दिवसांपूर्वी, ९ तारखेला जाहीर केलं. ला निना म्हणजे थंडी जास्त, हे तर सगळेच सांगतात. मी तर गाद्या उन्हात टाकायला काढल्या. हीटर घ्या, दिवाळीच्या सवलतीत स्वस्त मिळेल.

नौपाड्याचे_सर · १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. मी शाळेत भूगोल शिकवायचो, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. गच्चीवर पारा लावून रोजची नोंद ठेवायची सवय मात्र सुटलेली नाही. उत्तर जरा लांब होईल, पण हा विषय दोन ओळींत सांगितला की त्याचाच तसला मेसेज होतो.

ला निना आली हे खरं. मध्य पॅसिफिकमध्ये विषुववृत्तालगत, १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांच्या दरम्यान एक पट्टा आहे. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा त्याहून जास्त थंड झालं आणि तसंच राहिलं, वाऱ्यांनीही त्याला साथ दिली, की ला निना म्हणतात. अर्धा अंश तरी गरम झालं तर एल निनो. यंदाची ला निना अशक्त राहील आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान पुन्हा तटस्थ स्थिती येण्याची शक्यता जास्त आहे, हेही त्याच घोषणेत होतं. मेसेजात ते वाक्य आलेलं नाही.

या सगळ्याचा पाया आपल्याकडे बसून घातला गेला, हे मी मुलांना आवर्जून सांगायचो. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज आधी कसा बांधता येईल याच्या मागे लागून त्यांनी जगभरच्या नोंदी गोळा केल्या आणि त्यातून पॅसिफिक व हिंदी महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका हाती लागला. एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो. एल निनो आणि ला निना ही त्याच झोक्याची दोन टोकं.

आता थंडीचं. ला निनाच्या हिवाळ्यात उत्तर भारत सरासरीने थोडा जास्त थंड असतो. हा 'सरासरीने' शब्द महत्त्वाचा. पुष्कळ वर्षांची बेरीज केली तर कल दिसतो, एखादं वर्ष उचललं तर तो हुलकावणी देतो. शिवाय तो कल उत्तर भारताचा. पॅसिफिकपासून दिल्लीपर्यंत धागा ओढला जातो, दिल्लीहून ठाण्यापर्यंत येता येता तो फार सैल होतो.

तीन वर्षं बघा. २०२० ते २०२३ अशी सलग तीन हिवाळे ला निना होती. त्यातला डिसेंबर २०२२ हा भारतातला १९०१ पासूनचा सगळ्यात उबदार डिसेंबर ठरला. उलट २०१८-१९चा हिवाळा एल निनोच्या बाजूचा, आणि २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. मुंबईचा सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तो जानेवारी १९६२ चा. त्या हिवाळ्यात पॅसिफिक तटस्थ होता, ना एल निनो ना ला निना.

म्हणून ऑक्टोबरात कुणी 'दशकांतली सगळ्यात कडक थंडी' असं ठामपणे सांगत असेल, तर ते सांगण्याइतकी माहिती आज कुणाच्याही हातात नाही. ठाण्यापुरतं तर नाहीच नाही.

एक विचारतो. गेल्या डिसेंबरात बाबांना त्रास झाला तो आठवडा नेमका कोणता?

ऐरोली_सेक्टर_सात · १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

सर, मान्य. पण जानेवारी २०२२ आठवतो? दिवसासुद्धा स्वेटर घालून ऑफिसला गेलो होतो. दुपारी बारा वाजता गारठा. तेव्हा ला निनाच होती ना?

नौपाड्याचे_सर · १३ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

चांगलं आठवतंय. २३ जानेवारी २०२२. पाकिस्तानातून अरबी समुद्रावरून धुळीचं वादळ आलं होतं, समोरची इमारत पांढुरकी दिसत होती आणि गाड्यांवर पिठासारखा थर बसला होता. धुळीने ऊन अडलं, वर उत्तरेचा वारा, त्यामुळे दिवसाचं तापमान चढलंच नाही. त्याच महिन्यात अवेळी पाऊसही झाला. ती गार दुपार ढग, धूळ आणि वारा यांची होती. ला निना नसती तरी ती तशीच घडू शकली असती.

उपवनकाठ · १३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

सर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. दवाखान्याची फाइल काढून बघितली. पहिल्या रात्रीची तारीख ९ डिसेंबर २०२४, दुसरी ११. त्याआधी पाच-सहा दिवस बाबा 'काय हा उकाडा' म्हणत पंखा जोरात लावून झोपत होते, तेही आठवलं.

नौपाड्याचे_सर · १३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

मला हीच तारीख अपेक्षित होती.

४ डिसेंबर २०२४ ला सांताक्रूझला दुपारचं तापमान ३७.३ अंश होतं. डिसेंबरात! आणि ९ डिसेंबरच्या पहाटे तिथेच १३.७. पाच दिवसांत केवढी उडी. हे कसं झालं ते समजलं की ठाण्याची थंडी कळली.

नोव्हेंबर संपता संपता बंगालच्या उपसागरातलं 'फेंगल' चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचे उरलेसुरले अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्रात उतरले. त्या काळात आपल्याकडे पूर्वेचे वारे होते. पूर्वेचा वारा जमिनीवरून तापत येतो आणि दुपारचे खारे वारे अडवून धरतो. समुद्राची झुळूक उशिरा आली की दुपार भाजते, हे आपण दरवर्षी ऑक्टोबरातही बघतो. ते सगळं निवळलं आणि उत्तरेचा वारा सुरू झाला.

उत्तरेचा वारा येतो कुठून? भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात निघतात, इराण-अफगाणिस्तानावरून हिमालयावर येऊन आदळतात. तिथे बर्फ पडतो. झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून कोरडी गार हवा खाली घसरते, राजस्थान, गुजरात करत उत्तर कोकणात उतरते. आकाश निरभ्र असेल तर रात्री जमिनीची ऊब भराभर वर निघून जाते, त्यात पहाटेचे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे वारे. झाली आपली थंडी. तीन-चार दिवस टिकते, फार तर आठवडा. मग वारा फिरतो, खारी दमट हवा येते आणि लोक म्हणतात, गेली वाटतं थंडी.

म्हणजे ठाण्याचा हिवाळा असा सलग नसतो. झंझावाताच्या मागे मागे येणाऱ्या थंडीच्या पाळ्या असतात. एका मोसमात किती पाळ्या येतील, त्यांतली कुठली थेट आपल्यापर्यंत पोचेल, मध्येच बंगालच्या उपसागरात वादळ उठून कुठली मोडेल, हे तीन महिने आधी सांगता येत नाही. चार-पाच दिवस आधी मात्र चांगलं सांगता येतं.

बदलापूरकर_पहाट · १३ ऑक्टोबर, रात्री १०:२०

सरांच्या लिहिण्यात आमच्याकडची एक भर. ठाणे म्हणजे एक जागा धरू नका. कुलाब्याला पाणी तिन्ही बाजूंनी, तिथे पारा उतरायलाच तयार नसतो. सांताक्रूझ त्याहून गार, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात बदलापूर-कर्जत त्याहूनही गार. रात्री डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन खोऱ्यात साचते. निरभ्र, शांत रात्री माथेरानच्या माथ्यापेक्षा पायथ्याशी जास्त थंडी असते, हे पाहुण्यांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. थंड हवेचं ठिकाण म्हणून वर जातात आणि कुडकुडतात खाली नेरळ स्टेशनवर.

येऊरच्या पायथ्यालाही थोडं तसंच होत असणार. ताई, तुमचं उपवन अगदी डोंगराला लागून, त्यात तलाव. पहाटे साडेपाचला तिथला गारवा आणि नितीन कंपनीच्या चौकातला गारवा सारखा नसेल.

पावटा_वाल_उरण · १४ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

हा धागा वाचून राहवलं नाही. आमची शेती उरणकडे, आता थोडीच उरलीय. आमच्याकडे थंडीचा प्रश्न वालासाठी विचारतात. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल टाकायचा, पुढे तो दवावर वाढतो. दव चांगलं पडलं की शेंग भरते. डिसेंबर-जानेवारीत पोपटी लावायची तर शेंग गोड हवी, आणि ती थंडीशिवाय गोड होत नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा आणि जाड मीठ लावलेल्या शेंगा, मडकं उपडं करून भोवती जाळ. ज्या वर्षी थंडी नाही त्या वर्षी पोपटी लागते, पण तिला चव येत नाही.

सासूबाई म्हणतात, पाऊस जास्त दिवस टिकला की थंडी जास्त पडते. यंदा तर पाऊस २६ मेलाच आला. त्यांचं म्हणणं कितपत खरं, सर?

नौपाड्याचे_सर · १४ ऑक्टोबर, रात्री ९:००

सासूबाईंच्या बोलण्यात निरीक्षण आहे, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींना एकत्र बांधतं. जमिनीत ओल जास्त राहिली की पहाटे दव आणि धुकं जास्त दिसतं, अंग ओलसर गार पडतं, त्यामुळे थंडी वाढल्यासारखी वाटते. पारा मात्र अशा वेळी कमी उतरतो. ओली जमीन ऊब धरून ठेवते आणि दमट हवा रात्रीची उष्णता सहज सोडत नाही. कोरडी जमीन आणि कोरडी हवा असली की पारा झपाट्याने खाली येतो. वालासाठी मात्र ही ओल चांगलीच. तुमची शेंग यंदा गोड व्हावी ही मनापासून इच्छा.

वाशी_मार्केट_रोड · १४ ऑक्टोबर, रात्री ९:३५

शेतीचा विषय निघालाच आहे तर हापूसही त्यात घ्या. मोहोर फुटायला थंडी लागते. झाडाला पुरेसा ताण आणि गार रात्री मिळाल्या नाहीत तर मोहोराऐवजी पालवी फुटते. आमच्या मार्केटमध्ये मार्चमध्ये पेट्या किती येणार याचं गणित डिसेंबरच्या थंडीपासून सुरू होतं. त्यामुळे रत्नागिरी-देवगडचे बागायतदार फोनवर पहिला प्रश्न विचारतात, 'तुमच्याकडे गारवा सुटला का?' आमचा गारवा त्यांच्या आधी येतो.

खाडीवरचे_रोहित · १५ ऑक्टोबर, सकाळी १०:१२

रोहित म्हणजे फ्लेमिंगो, माझं नाव नाही. ठाणे खाडीवर ते लवकर आले की थंडी लवकर, असं काही जण म्हणतात. मी बरीच वर्षं ऐरोलीच्या बाजूने बघतोय. त्यांचं येणं तिकडच्या पाणथळीतलं पाणी आणि इकडच्या चिखलातलं खाणं यांवर ठरतं. कच्छकडे पाणी भरपूर टिकलं तर ते उशिरा निघतात. थंडीचा अंदाज त्यांच्यावरून बांधू नका एवढंच सांगतो.

सानपाडा_परिचारिका · १५ ऑक्टोबर, रात्री ११:४०

रात्रपाळी संपवून लिहितेय. सगळे पाऱ्याबद्दल बोलतायत, मला बाबांबद्दल बोलायचंय.

हिवाळ्यात दम्याचे पेशंट आमच्याकडे वाढतात ते दोन कारणांनी. एक, गार कोरडी हवा थेट श्वासनलिकेत गेली की नळ्या आकसतात. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं, ते म्हणजे हवेतली घाण. थंड पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार अशी उलटी रचना होते. भूगोलात त्याला तापमानाची विपरीतता म्हणतात, सर सांगतीलच. अशा वेळी धूर, धूळ, बांधकामाची माती, सगळं वर न जाता खालीच झाकण ठेवल्यासारखं कोंडतं. सूर्य चढला की ते झाकण उघडतं. म्हणून पहाटे साडेपाच ही दमेकऱ्याला बाहेर पडायची वाईट वेळ. घोडबंदर रोडला जेवढी कामं चालू आहेत ती बघता तर नक्कीच.

ला निनाचा आपल्याशी खरा संबंध इथे असू शकतो. २०२२-२३च्या हिवाळ्यात मुंबईची हवा फार बिघडली होती आणि दिल्लीची त्यामानाने बरी होती. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध लागोपाठ तिसऱ्या ला निनाशी जोडला. वाऱ्यांची घडी बदलली, द्वीपकल्पाकडच्या शहरांत जमिनीलगतचा वारा मंदावला.

ताई, हीटरवर पैसे घालू नका. ठाण्यात खोली तेवढी गार होतच नाही आणि हीटरने हवा आणखी कोरडी होते. फेरी आठ-साडेआठला न्या. नाक-तोंडावर मऊ सुती रुमाल. रोजचा प्रतिबंधक पंप बरं वाटलं म्हणून स्वतःहून थांबवू नका, हे बहुतेक जण करतात आणि डिसेंबरात येतात. निफाडला जाण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून औषधांचं वेळापत्रक लिहून घ्या.

उपवनकाठ · १६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

सिस्टर, तुमचा निरोप बाबांना वाचून दाखवला. पंप त्यांनी नोव्हेंबरात खरंच बंद केला होता. मला कळू दिलं नव्हतं. आज कबूल केलं. मला रडू आलं, पण बरंही वाटलं की निदान कारण सापडलं.

फेरीच्या वेळेवर अजून वाद चालू आहे. त्यांचे तिथले चौघे मित्र साडेपाचलाच येतात, तेव्हा आधी त्या चौघांना वळवावं लागेल.

निफाडचं काय करू?

नौपाड्याचे_सर · १६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

निफाडला ठाण्याचा नियम लागत नाही. पठारावरचा मोकळा प्रदेश, समुद्र लांब, कोरडी हवा. २०१८च्या डिसेंबरअखेर तिथे पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तिथे ला निना असो वा नसो, जानेवारीत थंडी धरूनच चालायचं.

ठरवायचं कसं ते सांगतो. १ डिसेंबरच्या सुमारास भारतीय हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज देतो. तो शक्यतांच्या भाषेत असतो, म्हणजे अमुक भागात किमान तापमान सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता जास्त, असा. त्यावरून मोसमाचा कल कळेल, तारीख कळणार नाही. मग दर गुरुवारी विभागाचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज येतो, त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे. मुंजीच्या आधीचे दोन गुरुवार लक्ष ठेवा. काश्मीर-हिमाचलात मोठा बर्फ पडल्याची बातमी आली की त्यानंतरचे दोन-तीन दिवस निफाडला जायचं टाळा. पंधरा दिवसांऐवजी मुंजीपुरते चार दिवस ठेवले तर बाबांनाही वाईट वाटणार नाही.

आणि बातम्यांत 'थंडीची लाट' ऐकलं तर आकडा बघा. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी, तेव्हा लाट म्हणतात. किनाऱ्यालगत १० अंशांची वाट बघत नाहीत. तिथे साडेचार अंशांची घट झाली आणि पारा १५ किंवा त्याखाली गेला की पुरे. जानेवारीत सांताक्रूझची सरासरी १७ च्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे खरी लाट दुर्मीळच.

ऐरोली_सेक्टर_सात · १६ ऑक्टोबर, रात्री ८:१५

सर, मी पहिल्या दिवशी फार ठामपणे लिहिलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज मीच पुढे पाठवला होता. आज तुमचा डिसेंबर २०२२चा मुद्दा लिहून त्याच ग्रुपवर टाकला. गाद्या मात्र उन्हात टाकतोच, त्या कशाही टाकायच्याच होत्या.

उपवनकाठ · १८ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

धनत्रयोदशीच्या शुभेच्छा सगळ्यांना. हीटर रद्द. मुंजीला चार दिवस, आत्याला फोन करून सांगितलं. ती आधी रुसली, मग म्हणाली दादाला खोकताना बघण्यापेक्षा हे बरं. चौघांपैकी तिघे मित्र आठला यायला तयार झालेत, चौथ्या काकांशी बाबा स्वतः बोलणार आहेत.

हा धागा बाबांनी पूर्ण वाचला. आज माळ्यावरून जुना पारा काढला, आजोबांचा आहे, अजून चालतो. रोज नोंद ठेवणार म्हणतात. सर, तो लावायचा कुठे? आमचा तिसरा मजला, गॅलरी पूर्वेला, मागे स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला.

पावटा_वाल_उरण · १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

काकांना सांगा, आमच्याकडे शेतात पहिलं चांगलं दव पडलं की त्या दिवशी मी इथे लिहीन. ते पाऱ्याशी ताडून बघतील. आणि शेंगा भरल्या की पोपटीला सगळे या, पनवेलहून उरणची बस मिळते.

नौपाड्याचे_सर · १८ ऑक्टोबर, रात्री ९:२५

उत्तरेची खिडकी. पूर्वेला सकाळचं ऊन थेट येईल आणि नोंद फसेल. भिंतीला टेकवू नका, सिमेंट रात्रभर ऊब सोडत राहतं. वीतभर पुढे काढलेल्या लाकडी पट्टीवर टांगा, वर पांढरं छप्पर, हवा सगळ्या बाजूंनी खेळती हवी. स्वयंपाकघराची खिडकी आहे, म्हणून चहाचं आधण ठेवायच्या आधी नोंद घ्या. रोज एकाच वेळी, साडेसहाला. वाचताना तोंडाची वाफ काचेवर जाऊ देऊ नका, आणि आकड्याशेजारी वारा कुठून होता तेही लिहायला सांगा.